भाड्याच्या पावतीला एक रकाना

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई यांस



माझ्या कपाटात एक निळी फाइल आहे. तिच्यात तेरा भाडेकरार आहेत. पहिला २०११चा, शंभराच्या स्टँपपेपरवर टाइप केलेला. शेवटचा गेल्या वर्षीचा, एजंटनं लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घरी आणून केलेला. पहिल्यात भाडं ५,५०० रुपये आहे, शेवटच्यात १६,५००. मधल्या चौदा वर्षांत आमची पाच घरं झाली: शनिवार पेठ, कर्वेनगर, हिंगणे, मग धायरी, आणि धायरीतच आणखी एक. एकाही महिन्याचं भाडं थकलेलं नाही. कोरोनात शाळा बंद झाल्या आणि माझ्या नवऱ्याची शाळेची व्हॅन सोसायटीच्या फाटकाबाहेर धूळ खात उभी राहिली, तेव्हाही नाही. त्या काळात माझ्या दोन बांगड्या गेल्या, पण भाडं गेलं ते पाच तारखेच्या आतच.

ही फाइल घेऊन मी गेल्या वर्षभरात सहा ठिकाणी गृहकर्ज मागायला गेले. पाच ठिकाणी ती कुणी उघडली नाही. सहाव्या ठिकाणी उघडली. त्या सहाव्या ठिकाणामुळेच हे पत्र लिहिते आहे, पण आधीचं थोडं सांगायला हवं.

मी मुद्रितशोधक आहे. प्रकाशकांची प्रुफं तपासते आणि पानावर पैसे मिळवते. दिवाळी अंकांचं काम जुलैत सुरू होतं आणि ऑक्टोबरात संपतं. त्या चार महिन्यांत माझी निम्मी कमाई होते. नंतर एखाद-दुसरं पुस्तक, कुणाचा प्रबंध, कुणाचा गौरवग्रंथ. प्रकाशक कर कापून पैसे देतात आणि मी दर वर्षी विवरणपत्र भरते. नवऱ्याला दहा महिने व्हॅनचे पैसे मिळतात, एप्रिल-मे कोरडे जातात. त्याची विवरणपत्रं दोनच वर्षांची आहेत, कारण त्याआधी त्याचं उत्पन्न करपात्र नव्हतं आणि विवरणपत्र भरून ठेवावं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दोघांचं मिळून वर्षाला सव्वाआठ लाखांच्या आसपास येतात. येतात हे नक्की, पण कोणत्या महिन्यात किती, हे मला एक तारखेला सांगता येत नाही.

बँकेत पहिला प्रश्न सॅलरी स्लिपचा असतो. दुसरा फॉर्म सोळाचा. दोन्ही नाहीत म्हटलं की समोरच्या माणसाचा चेहरा वाईट होत नाही, फक्त त्याचा हात कागदावरून उठतो. तो हात उठलेला मी इतक्या वेळा पाहिला की नंतर नंतर प्रश्न यायच्या आधीच मी फाइल मिटायला लागले होते.

घर शोधणं त्या मानानं सोपं होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. दर रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून निघायचो: धायरी, नऱ्हे, आंबेगाव बुद्रुक. या भागात घरं स्वस्त का आहेत हे फिरल्याशिवाय कळत नाही. काही इमारती ग्रामपंचायतीच्या काळातल्या, तेव्हाच्या परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या. २०१७ आणि २०२१ मध्ये ही आणि आजूबाजूची गावं पुणे महापालिकेत आली, पण इमारतींचे कागद जिथल्या तिथे राहिले. कुठे भोगवटा प्रमाणपत्रच नाही, कुठे जमीन गुंठेवारीची, कुठे सोसायटी नोंदवलेली पण जमीन अजून बिल्डरच्या नावावर. आम्हाला परवडणारं पहिलं घर मिळालं ते २८ लाखांचं, खिडकीतून सिंहगड दिसणारं. राष्ट्रीयीकृत बँकेच्या वकिलानं सात-बारा आणि मंजूर नकाशा पाहून तिथल्या तिथे सांगितलं, यावर कर्ज होणार नाही. एका वित्त कंपनीनं आधी तयारी दाखवली, पण ११ टक्क्यांनी.

त्या ११ टक्क्यांचा हिशेब मी रात्री जेवणाच्या टेबलावर मांडला. हिशेबाला सोपं म्हणून ३० लाखांचं कर्ज धरलं. ते वीस वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता २६,०३५ रुपये बसतो. ११ टक्क्यांनी तोच ३०,९६६. महिन्याला ४,९३१ रुपयांचा फरक, आणि २४० हप्त्यांत तो ११ लाख ८३ हजारांवर जातो. ज्या कुटुंबाच्या हातात पगाराची चिठ्ठी नाही, त्यानं त्याच भिंतींसाठी जवळजवळ बारा लाख जास्त मोजायचे. हे आकडे मी तीनदा तपासले. प्रुफं तपासणाऱ्या बाईला एवढी सवय असतेच.

दुसरं घर मिळालं ते पंधरा-वीस वर्षं जुन्या सोसायटीतलं वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण कागद स्वच्छ. भोगवटा प्रमाणपत्र होतं, सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स झालेलं होतं, शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, सगळं एका पिशवीत व्यवस्थित ठेवलेलं. विकणारे आजी-आजोबा मुलाकडे नाशिकला जाणार होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळस होती. किंमत ४० लाख. ५१ हजार टोकन देऊन आम्ही घरी आलो आणि त्या रात्री दोघांपैकी कुणालाच झोप लागली नाही.

इथे मला तुमच्या एका नियमाबद्दल बोलायचं आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, आणि त्यापुढे ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, असा तुमचा नियम आहे. माणसानं स्वतःचे पैसे घातले पाहिजेत, हे मला मान्य आहे. बँकेत ठेवलेले पैसे माझ्यासारख्यांचेच असतात, ते कुणी उधळू नयेत. पण ही किंमत धरताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्यात धरत नाहीत. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के. घर माझ्या एकटीच्या नावावर घ्यायचं ठरवलं, म्हणून राज्य सरकारची १ टक्का सवलत मिळून ६ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणीचे ३० हजार. आमचा हिस्सा २० टक्के, म्हणजे ८ लाख. इथेच जवळपास पावणेअकरा लाख झाले. दलाली, वकिलाचा सर्च रिपोर्ट, सोसायटीची हस्तांतरण फी हे वेगळं. नंतर बँकेचा व्हॅल्युअर आला, दहा मिनिटं थांबला, भिंतीवरच्या ओलीचा फोटो काढला आणि घराची किंमत ३६ लाख लिहून गेला. बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युअरची किंमत यांतली कमी ती धरते. ४० लाखांवर ८० टक्क्यांनी ३२ लाख मिळाले असते, ३६ लाखांवर मात्र तुमच्या नियमानं फार तर ३० लाख. जिन्यावरून खाली येईपर्यंत आमच्या खड्ड्यात आणखी २ लाखांची भर पडली होती.

२०१५ साली तुमच्या बँकेनं एक सवलत दिली: घराची किंमत १० लाखांच्या आत असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च किमतीत धरून कर्ज मोजता येईल. हेतू चांगला होता. पण पुण्यात, ठाण्यात, नाशिकमध्ये १० लाखांत कागद स्वच्छ असलेलं घर सहसा मिळत नाही. मुद्रांक शुल्क राज्याचं आहे, ते कमी करणं तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. ही १० लाखांची मर्यादा मात्र तुमची आहे. ती घरांच्या आजच्या किमतींपाशी आणा. केंद्राच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शहरातल्या व्याज-अनुदानासाठी घराची किंमत ३५ लाखांपर्यंत धरली आहे. निदान तेवढी तरी.

आता कर्ज देणाऱ्यांबद्दल. त्यांच्यातली बहुतेक माणसं चांगली होती. एका बँकेतला तरुण अधिकारी माझ्याशी बोलताना सतत दुसऱ्या स्क्रीनकडे बघत होता, पण निघताना त्यानं स्वतः उठून दार उघडलं. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तुमचे नियम चांगले असूनही काउंटरपर्यंत पोचत नाहीत, ही तक्रार आहे. कर्ज नाकारलं तर त्याचं मुख्य कारण अर्जदाराला लेखी कळवावं, असं तुमची न्याय्य व्यवहार संहिता सांगते. मला पाच नकार मिळाले आणि लेखी एकही नाही. फोनवर सांगतात, “मॅडम, प्रोफाइल बसत नाही.” प्रोफाइल म्हणजे काय आणि ते कशात बसत नाही, हे कागदावर मिळालं असतं तर मी निदान ते दुरुस्त करायला घेतलं असतं.

एका ठिकाणी योगायोगानं कळलं. नवऱ्याच्या व्हॅनचं कर्ज २०१९ मध्ये फिटलं होतं, ना-हरकत पत्रही आमच्याकडे आहे. तरी त्याच्या सिबिलच्या पतअहवालात ते खातं अजून चालू दिसत होतं आणि १,१४० रुपये थकबाकी दाखवत होतं. सहा वर्षं आमच्या नावावर ही रक्कम पडून होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. प्रत्येक पतमाहिती कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, हे तुमचेच नियम. ते मला माहीत झाले ते पाचव्या नकारानंतर. आता मी आमच्या जिन्यातल्या सगळ्यांना सांगते: घर बघायच्या आधी आपला अहवाल बघा.

आणि भाषा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर की फॅक्ट स्टेटमेंट देणं तुम्ही बंधनकारक केलं. कर्जाचा खरा वार्षिक खर्च, सगळ्या फिया, हप्त्यांचा तक्ता, सगळं एका जागी, आणि कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. मी हे वाचलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. एका ठिकाणी तत्त्वतः मंजुरीपर्यंत गाडी गेली तेव्हा मी ते पत्रक मराठीत मागितलं. मराठीत नाही म्हणाले. इंग्रजीतलं मी वाचू शकते, म्हणून त्यातून मला कळलं की जाहिरातीतल्या दरापेक्षा खरा दर वर जातो, कारण कर्जाबरोबर चिकटवलेला विमा आणि प्रक्रिया फी त्यात आहे. तो विमा ऐच्छिक होता, हेही तिथेच कळलं. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या. त्यांनी बोट दाखवलं तिथे सह्या केल्या. त्यांचं नाव मला माहीत नाही, पण कागदावरून सरकत जाणारं ते बोट मला अजून दिसतं.

दर वाढल्यावर काय होतं, हा प्रश्नही मी प्रत्येक ठिकाणी विचारला, कारण माझ्या नणंदेनं २०२१ मध्ये कर्ज घेतलं होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तुमचा रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. ७ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता लाखाला ७७५ रुपये बसतो, आणि ९.५ टक्क्यांनी लाखावरचं नुसतं महिन्याचं व्याजच ७९२ रुपये होतं. हप्ता तोच ठेवला तर मुद्दल जवळजवळ उतरतच नाही, अगदी नवं कर्ज असेल तर उलट चढतं. तिला आधी फक्त एक मेसेज आला होता, मुदत वाढल्याचा. ऑगस्ट २०२३ मध्ये तुम्ही नियम केला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायचं आणि स्थिर व्याजदराकडे जाण्याची सोय द्यायची. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो १ टक्क्यानं खाली आला, तेव्हा नणंदेनं स्वतः बँकेत जाऊन हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली. तिला हे जमलं, कारण ती शिक्षिका आहे आणि बँकेत बसून वाद घालू शकते.

आता ती सहावी जागा. एक छोटी सहकारी बँक, पेठेतली, दोन पायऱ्या चढून आत जायचं. तिथल्या व्यवस्थापकांनी निळी फाइल उघडली आणि तेरा करार एकेक करून पाहिले. मग माझं बँकेचं खातेपुस्तक मागितलं आणि दर महिन्याच्या भाड्याच्या नोंदीपुढे पेन्सिलीनं बारीक खूण करत गेले. भाड्याबरोबर दर महिन्याला १० हजारांचं आवर्ती ठेवीचं खातंही सहा वर्षं चाललं आहे, हे त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी कागदाच्या कडेला बेरीज केली: १६,५०० अधिक १०,००० म्हणजे २६,५००. त्यांच्या बँकेचा अंदाजे हप्ता त्याच्या आसपासच होता. ते म्हणाले, “ताई, तुम्ही हा हप्ता सहा वर्षं भरताच आहात. फक्त त्याचं नाव हप्ता नाही.”

मग थोडा वेळ थांबून त्यांनी अर्जाचा नमुना माझ्याकडे वळवला. वेतन, व्यवसायाचा नफा, भाड्याचं उत्पन्न, इतर उत्पन्न असे रकाने होते. भाडं मिळत असेल तर लिहायला जागा होती. भाडं भरत असाल तर ते फक्त खर्चाच्या बाजूला, म्हणजे माझी परतफेडीची ताकद कमी करण्यासाठी. “मला पटतंय,” ते म्हणाले, “पण याला रकाना नाही. वरून तपासणी आली तर मी काय दाखवू?”

गव्हर्नर महोदय, एवढंच मागायला हे पत्र लिहिलं आहे. तो रकाना द्या.

महाराष्ट्रात भाड्याचा पुरावा मिळवणं सोपं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ नुसार घराचा भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. म्हणजे माझं भाडं किती, अनामत किती, मुदत किती, हे सरकारच्या नोंदणी विभागाकडे माझ्या अंगठ्यासकट आधीच आहे. भाडं मी यूपीआयनं भरते, ते माझ्या खात्यात दिसतं. खात्याची माहिती खातेदाराच्या संमतीनं एका संस्थेकडून दुसरीकडे न्यायची अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची व्यवस्था तुमच्याच २०१६च्या नियमांतून उभी राहिली आहे. नोंदणीकृत करार एका बाजूला, खात्यातून गेलेले पैसे दुसऱ्या बाजूला, दोन्ही जुळले की पुरावा तयार. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

यात अडचणी आहेत आणि मी त्या लपवणार नाही. कर्वेनगरचे आमचे घरमालक अर्धं भाडं रोख मागायचे आणि करारात तेवढं कमी लिहायचे. त्या दोन वर्षांचा माझा पुरावा अर्धाच आहे. भाडं बँकेतून दिलं तर कर्ज मिळायला मदत होते, हे भाडेकरूंना कळलं की ते असं मान्य करणार नाहीत, असं मला वाटतं. दुसरी अडचण मोठी आहे. भाड्याची नोंद पतमाहितीत जाणार असेल तर ती घरमालकाच्या हातात जाता कामा नये. “वेळेवर घर सोडलं नाहीस तर तुझं सिबिल खराब करीन” असं म्हणायची सोय कुणालाही नको. म्हणून ही नोंद फक्त भाडेकरूच्या संमतीनं, त्याच्याच खात्यातून आणि त्याच्याच बाजूनं मोजली जावी. ती दाखवली नाही म्हणून कुणाचं नुकसान होऊ नये. आणि पाच तारखेऐवजी पंधराला भरलेलं भाडं म्हणजे थकबाकी नव्हे. अलीकडे एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे तेच होतं आणि आमच्या आताच्या घरमालकीणबाईंना ते ठाऊक आहे.

आमच्यासारखी माणसं किती आहेत ते मला मोजता येत नाही, पण ती मला रोज भेटतात. व्हॅनवाले, रिक्षावाले, क्लास घेणाऱ्या बाया, मेकअप करणाऱ्या मुली, नाटकाचे प्रकाशयोजनाकार, भाजीचा गाळा चालवणारे. यांतल्या कुणाच्याही हातात पगाराची चिठ्ठी नाही आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कपाटात एक फाइल आहे.

तुळशीची ती खिडकी गेली. आजी-आजोबा दोन महिने आमच्यासाठी थांबले, मग त्यांनी घर दुसऱ्यांना दिलं. टोकनचे ५१ हजार आजोबांनी धनादेशानं परत केले, एक रुपयाही न कापता. वर पेढे घेऊन आले आणि आमच्याच सोफ्यावर बसून मला म्हणाले, तुझं घर होईल. मी त्यांना चहा दिला.

पुढच्या महिन्यात आमचा करार संपतो. एजंट लॅपटॉप घेऊन येईल, मी यंत्रावर अंगठा ठेवीन, फोटोसाठी सरळ बसेन. चौदावा करार. भाडं १८,००० झालं आहे.

आपली,
पुण्यातली एक भाडेकरू